एक ढकलतो, एक ओढतो

तीर्थरूप मामांना,

तुमच्या भाच्याचा वाकून नमस्कार. (खरोखर वाकलो होतो. टेबलाखाली गेलेलं पेन काढायला का होईना, पण तोंड तुमच्या गावाकडेच होतं.) तुमची तब्येत ठणठणीत असेल, मामीचा गुडघा तिचं ऐकत असेल आणि तुमच्या दुरुस्तीच्या टेबलावर कुणाचा ना कुणाचा रेडिओ पोट उघडून पडलेला असेल, असं धरून चालतो. इकडे सगळे मजेत आहेत. मी पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार खिडकीवर पूर्वीसारखाच बसतो, आणि लोकही पूर्वीसारखेच येऊन नळाला पाणी नाही म्हणून माझ्याकडे असे बघतात, जणू ते मीच पिऊन बसलोय.

पत्राचं कारण गंभीर आहे. शनिवारी दुपारच्या तालमीपर्यंत माझ्या गिटारचा आवाज सुधारला नाही, तर रविवारी ग्रंथालयाच्या सभागृहातल्या कार्यक्रमातून मला डच्चू मिळणार आहे. एका कार्यक्रमाचा डच्चू हा पुढच्या सगळ्या कार्यक्रमांचा समजावा, हेही मुख्याध्यापिकाबाईंनी सर्वांसमोर स्पष्ट केलंय. (बाई आमच्या गायिका. बँड त्यांचा, तालमीची चित्रकलेची खोली त्यांच्या शाळेतली, आणि शिस्तही शाळेतलीच. ड्रम वाजवणारा बेकरीवाला पन्नाशी उलटलेला गृहस्थ आहे, पण उशीर झाला की अजूनही दारात उभं राहून आत येऊ का म्हणून विचारतो.) तुम्ही हसाल, पण मामा, मला वाईट वाटतं. आठवड्याचे सहा दिवस मी दुसऱ्यांचं ऐकतो. एकाच दिवशी, दोन तास, दुसरे माझं ऐकतात. तेवढंही गेलं तर मी नुसती खिडकीच उरेन.

आता मुळात हे झालं कसं, ते सांगतो. माझ्याकडे दोन अ‍ॅम्प्लिफायर आहेत. पहिला अर्थातच तुम्ही स्वतःच्या हातांनी बनवलेला, जुन्या रेडिओंसारखा काचेच्या व्हॉल्व्हचा, जो गरम व्हायला पाच मिनिटं घेतो आणि उचलायला दोन माणसं. गेल्या महिन्यात तुम्ही त्याचा स्पीकर बदलून, नवीन वायरी सोल्डर करून पाठवलात, तोच. दुसरा माझ्या मेहुण्याने वाढदिवसाला दिलेला, नवा कोरा, हलका, ज्याच्यावर इतकी बटणं आहेत की आवाज वाढवायचं कुठलं ते मला तिसऱ्या दिवशी सापडलं. आता माझी पंचाईत बघा. तुम्ही फोनवर विचारलंत, कुठला वाजवतोस? मी म्हटलं, तुमचाच. मेहुण्याने विचारलं, त्यालाही म्हटलं, तुझाच. दोन्ही वाक्यं वेगवेगळ्या दिवशी खरी होती. पण मग मेहुण्याने रविवारी पहिल्या रांगेत बसणार म्हणून जाहीर केलं, आणि त्याच संध्याकाळी मामीचा निरोप आला की तुम्हीही येणार आहात. बायको म्हणाली, आता भोगा आपल्या कर्माची फळं. ती एरवी मला अरे-तुरे करते, त्यामुळे प्रकरण किती वर गेलंय ते कळलं.

तेव्हा मी दोन्ही एकदम वाजवायचं ठरवलं. बँडला अर्थातच हे कारण सांगितलं नाही. त्यांना म्हटलं, एक डावीकडे, एक उजवीकडे, आवाजाला रुंदी येते, मोठे वादक असंच करतात. (कोणते मोठे वादक, असं बाईंनी विचारलं. मी परदेशातले म्हणालो.) त्यासाठी एका गिटारची वायर दोन अ‍ॅम्प्लिफायरांत वाटून देणारी एक छोटी डबी मिळते, ती आणली. पहिल्या तालमीला दोन्ही चालू केले आणि गिटारला हात लावायच्या आत खोलीभर असा घूंऽऽ आवाज भरला की बाई खिडकीबाहेर ट्रक शोधू लागल्या. एक प्लग या भिंतीला, दुसरा त्या भिंतीला, म्हणून ते होत होतं. दोन्ही एकाच बोर्डात लावल्यावर घूं थांबला. मी कॉलर ताठ केली. म्हटलं, आता ऐका.

आणि मामा, काहीच ऐकू आलं नाही. अगदीच काही नाही असं नव्हे. पण तुमचा एकटा वाजवला की भरदार, मेहुण्याचा एकटा वाजवला की टणक, आणि दोन्ही मिळून वाजवले की शेजारच्या घरात कुणीतरी चमचा पाडल्यासारखं. मी आवाज वाढवला. मग आणखी वाढवला. भिंतीवरची मुलांची चित्रं फडफडायला लागली, एक डोंगर आणि एक झोपडी खाली पडली, तरी गिटार आपली दुष्काळातून आल्यासारखीच. बाईंनी गाणं मधेच तोडलं आणि म्हणाल्या की दोन कारकून नेमून अर्धं काम होतं हे त्यांनी सरकारी कचेरीत पाहिलंय, तालमीत पहिल्यांदाच पाहतायत. तो टोमणा सरळ माझ्या नोकरीला होता. मी सवयीने म्हणालो, तक्रार नोंदवून घेतली आहे. तिथेच त्यांनी शनिवारची मुदत दिली.

खोड सापडली ती चष्मेवाल्यांना. (हे आमचे बास वाजवणारे. चौकात चष्म्याचं दुकान आहे. बोलतात कमी, आणि बोलताना समोरच्याच्या नाकावर चष्मा कुठे बसेल ते मोजत असतात.) त्यांनी दोन्ही खोक्यांच्या मागच्या फळ्या काढायला लावल्या, खिशातून घड्याळं दुरुस्त करणाऱ्याकडे असतो तसला टॉर्च काढला, आणि भिंतीवरच्या घड्याळातला पेन्सिल सेल आणून त्याची दोन टोकं स्पीकरच्या वायरींना नुसती टेकवली. मेहुण्याच्या स्पीकरचा कागदी पडदा टुपकन बाहेर आला. तुमच्या स्पीकरचा टुपकन आत गेला. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. म्हणजे मी तार छेडली की एक हवा ढकलत होता आणि दुसरा तीच हवा ओढून घेत होता. दोघं मिळून माझा आवाज आपसात खाऊन टाकत होते. (बेकरीवाला म्हणाला, आमच्या घरी मी आणि माझा भाऊ दुकान असंच चालवतो.)

थोडक्यात, तुमच्या अ‍ॅम्प्लिफायरमधल्या लाल आणि काळ्या वायरींची अदलाबदल झाली आहे. ही कशी झाली असेल यावर मी बराच विचार केला. माझ्या मते टेम्पोत. तुमच्याकडून निघताना त्या बरोबरच होत्या याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. रस्ता खराब आहे, टेम्पोवाला घाईत असतो, दोन तास हादरे बसल्यावर वायरींनी जागा बदलल्या असतील तर मी त्यांना दोष देत नाही. सगळे म्हणाले, एका मिनिटाचं काम आहे, उलटवून टाका. मी खोक्यासमोर आडवा उभा राहिलो. म्हटलं, हे माझ्या मामांचं काम आहे, चाळीस वर्षांत त्यांच्या सोल्डरला दुसऱ्याचा हात लागलेला नाही, आणि लागणार नाही. कार्यक्रमातून नारळ मिळाला तरी चालेल. (हे मी जरा मोठ्याने बोललो. बाईंनी फक्त कॅलेंडरकडे पाहिलं.)

तेव्हा मामा, शनिवारी सकाळच्या बसने सोल्डरिंगची पेटी घेऊन निघा. मामीलाही आणा. स्टँडवर मी स्वतः येतो. तुमच्या हातून वायरी जागेवर आल्या की माझा जीव भांड्यात पडेल.

मोठ्यांना नमस्कार, मामीच्या गुडघ्याला आराम.

तुमचा आज्ञाधारक (निदान पत्रात),
भाचा

ता. क. मेहुणा भेटला तर दोन्ही अ‍ॅम्प्लिफायर तितकेच चांगले आहेत एवढंच बोलावं. तुमचा जास्त चांगला आहे, हे आपल्या दोघांत.

ता. क. २. मामी, हा भाग मोठ्याने वाचू नकोस. पत्रं तूच वाचून दाखवतेस म्हणून तर हिंमत करतोय. इथे थोडं खोकून घे आणि मामांना सांग की भाच्याने पुन्हा नमस्कार लिहिलाय. टेम्पोचं सगळं खोटं आहे. चष्मेवाल्यांनी टॉर्च लावून ते सोल्डर बराच वेळ पाहिलं आणि मला बाजूला घेऊन विचारलं, मामांचं वय काय? म्हणाले, हात पक्का आहे, पण सोल्डरचा प्रत्येक ठिपका जागेपासून गव्हाच्या दाण्याएवढा उजवीकडे पडलाय. आणि मामा लाल वायरीची जागा चुकू नये म्हणून तुझ्या नेलपॉलिशचा ठिपका लावतात ना, तो बरोबर जागी आहे. त्याच्यावर वायर मात्र काळी. हे नजरेचं काम, म्हणाले, बहुतेक मोतीबिंदू, आणि तोही चांगला पिकलेला. तू दोन वर्षं डॉक्टरचं नाव काढतेस आणि ते दोन वर्षं दिव्याला नावं ठेवतात. डोळ्यांसाठी ते गावाबाहेर पाऊल टाकणार नाहीत. पेटी घेऊन दुरुस्तीला मात्र धावत येतील. चष्मेवाल्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरांची शनिवारची चारची वेळ घेऊन ठेवली आहे. रविवारचा कार्यक्रम गेला तरी चालेल, ही वेळ चुकवू नकोस.

ता. क. ३. हेही मनातल्या मनात वाच. दुसऱ्याचा हात लागलेला नाही, हेही तितकंसं खरं नाही. काल सोमवारी न राहवून मी घरीच वायरी सोडवून बरोबर जोडल्या आणि दोन्ही अ‍ॅम्प्लिफायर लावले. मामी, काय आवाज आला! बायको स्वयंपाकघरातून येऊन दारात उभी राहिली ती पूर्ण गाणं संपेपर्यंत. मग मी सगळं बंद केलं आणि वायरी पुन्हा उलट्या जोडल्या, नाहीतर मामांना बोलवायला निमित्तच उरलं नसतं. माझं सोल्डर इतकं गचाळ झालंय, शेंबूड सांडल्यासारखं, की डोळे धड असलेल्या माणसाला दोन हातांवरूनही कळेल की इथे कुणीतरी हात घातलाय. शनिवारी खोकं उघडलं की तू नुसती त्यांच्या तोंडाकडे बघ. त्यांना कळलं नाही, तर तिथल्या तिथे त्यांचा हात धर आणि डॉक्टरांकडे ने, मी पेटी सांभाळतो. आणि कळलं, तर ते माझी सालटी काढतील. देवाशपथ सांगतो, मामी, त्यांनी ती काढावीत म्हणून मी दोन दिवस देवाला हात जोडतोय.