गल्लीत फिरणारा तुमचा आवाज

प्रिय अहो,

'प्रिय' लिहिताना लाज वाटली, पण आता वाचून हसणारं कोण आहे? आजपासून आपल्या गाडीवर तुमचा आवाज लागत नाही. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगावं, म्हणून लिहितेय.

आठवतं, आपल्यामागोमाग राजपुऱ्यात केळीच्या चिप्सच्या किती गाड्या निघाल्या? केळी सगळ्यांची इथलीच, तेल त्याच बाजारातलं, मीठ-मिरीही तीच. कुणी चकचकीत पुड्या आणल्या, कुणी भोंग्यावर विकतची जाहिरात लावली. आपणही तशीच लावू, असं मी म्हटलं, तर तुम्ही म्हणालात, "तो आवाज कुणाचाच नाही. त्याच्यासाठी कोण दार उघडेल?" आणि तिथेच स्वयंपाकघरात मोबाईल तोंडाशी धरून बोललात, "काय ताई, झाला का स्वयंपाक? जरा बाहेर या. चाखून बघा. आवडलं तर घ्या, नाहीतर मला पाणी पाजा, जातो पुढे."

बायका खरंच पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर यायच्या! तुम्ही पाणी प्यायचात, चाखायला द्यायचात, कुणाच्या घरी तिखट चालत नाही ते लक्षात ठेवायचात. आणि घरी मला कालच्या तेलात आजचा घाणा घालू द्यायचा नाहीत. किती चिडायचे मी त्यावरून!

तुम्ही गेलात आणि वैशालीने गाडी धरली. आपली पोर कॉलेज करून गाडी ढकलते, पण हाक काही तिच्या तोंडून निघेना. म्हणून भोंगा तसाच ठेवला. निघण्याआधी ती दारात तो लावून बघायची. "झाला का स्वयंपाक?" आणि मी आतून म्हणायचे, "होतोय." रोज. मग झारा हातात धरून मी नुसती उभी राहायचे. बॅटरी उतरली की तुमचा आवाज घोगरा होऊन तुटायचा, दवाखान्यात शेवटी तुटत होता तसा. तेव्हा मी कढईत घाणा सोडायचे, तेलाच्या आवाजात तो बुडावा म्हणून.

एका गोष्टीचा राग आहे, सांगू? माझ्याशी बोललेलं तुम्ही काहीच मागे ठेवलं नाहीत. जे उरलं, ते गल्लीतल्या सगळ्या ताईंसाठी. माझ्यासाठी काय?

मग एकदा बाजारात सुशीलाकाकू भेटल्या. तुमच्या हातच्या पुडीशिवाय ज्यांच्याकडे चहा व्हायचा नाही, त्या. म्हणाल्या, "मंदा, माणूस गेला तसा तुझा हातही गेला का गं? काल त्याच्या आवाजावर घेतले, खवट निघाले."

घरी येऊन सगळे डबे उघडून हुंगले. चांगला घाणासुद्धा टाकून दिला. वैशाली म्हणाली, "आई, काल आपण त्या गल्लीत गेलोच नव्हतो."

मग कोण गेलं होतं? अहो, त्या दिवशी मला खरंच भीती वाटली. मी दाराला कडी घातली, आणि मग वाटलं, तुम्ही आलात तर? पुन्हा काढली.

त्यानंतर माझ्या ताईकडे जैनाबादला गेले होते. ओसरीत गहू निवडत होतो. आणि गल्लीच्या टोकाकडून तुम्ही आलात. "काय ताई, झाला का स्वयंपाक?" सूप कुठे पडलं, कळलं नाही. मी अनवाणी धावले. ताई मागून हाका मारत होती. वळणावर एक निळी गाडी होती, आणि तिच्यामागे एक तरणा माणूस, माझ्याकडे बघत उभा.

त्याने सांगितलं की मोबाईलच्या दुकानात कुणीतरी हा आवाज भरून दिला. सगळे एकच माल विकतात, त्याच्याकडे कुणी फिरकत नव्हतं. हा लावला की दारं उघडतात. "भाभी, मला मालूम नव्हतं. मला वाटलं, कुठल्या पिक्चरमधला माणूस असेल."

मी त्याला ओरडणार होते. पण भोंगा चालूच होता, आणि तो बंद कर म्हणायला माझी जीभ उचलेना. तुमचं बोलणं संपेपर्यंत मी तिथेच उभी राहिले. मग त्याच्या पुडीतला एक तुकडा तोंडात टाकला. जुन्या तेलाचा वास. तुमच्या आवाजात हे विकलं जात होतं!

काढून टाकतो म्हणाला, हात जोडले. पण काढला नाही. परवा पुन्हा राजपुऱ्यात तुमची हाक ऐकू आली. वैशाली म्हणाली, पोलिसांत जाऊ. तिथे काय सांगू? माझा नवरा दुसऱ्याच्या गाडीवर बसलाय म्हणून?

तेव्हा ठरवलं. काल सांजेला भोंगा काढला. वैशालीने तो तुमच्या शालीत गुंडाळून कपाटात ठेवला. आणि आज मी स्वतः गाडीबरोबर निघाले. लग्न होऊन आले तेव्हापासून मी या गल्ल्यांत कधी मोठ्याने बोलले नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. "केळीचे चिप्स" म्हटलं, तर मलाच ऐकू आलं नाही. एकही दार उघडलं नाही.

आणि मग गल्लीच्या दुसऱ्या टोकाने तुम्ही आलात. दारं उघडली. काकू बाहेर आल्या, त्यांच्या हातात तांब्यासुद्धा होता. सगळ्या तुमच्याकडे वळल्या. मला गाडी वळवून पळावंसं वाटलं. तुमच्यासमोर मी कोण? वैशालीने गाडीचा दांडा घट्ट धरला होता. ती माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती.

मी पुढे गेले, त्या निळ्या गाडीजवळ. आणि तुम्ही बोलत असतानाच बोलले, "हा आवाज माझ्या माणसाचा आहे. माल त्यांचा नाही. त्यांचा माल माझ्याकडे आहे, चाखून बघा."

काकूंनी माझ्याकडचा एक तुकडा खाल्ला, मग त्याच्याकडचा. माझ्याकडून पुडी घेतली आणि तांब्या माझ्या हातात दिला. दोघीतिघी माझ्याकडे आल्या, बाकीच्यांनी त्याच्याकडूनच घेतलं. तो स्वस्त देतो. त्याने आवाज कमी केला, बंद नाही केला.

तो तुम्हाला अजून किती दिवस फिरवेल, मला ठाऊक नाही. पण एक वचन देते. खवट माल तुमच्या नावावर खपू देणार नाही. उद्या तो जिथे जाईल, त्याच गल्लीत गाडी नेईन. जन्मभर तुमच्यापुढे आवाज चढवला नाही. आता तुमच्या आवाजावर चढवीन, ऐकून घ्या.

तुमचीच,
मंदा