बाच्या फोटोखालचा शब्द

१९ मे

बोर्ड लागला. धरणाच्या फाट्यावर, एसटी थांबते तिथेच. माणसाच्या दुप्पट उंच. आणि त्यावर बा! उघडा, केस विस्कटलेले, गळ्यात पानांची माळ, हातात ढोलाचा दांडका, तोंड वासलेलं. खाली मोठ्या इंग्रजी अक्षरांत — सॅव्हेज. त्याखाली बारीक — काजवा कॅम्प, भंडारदरा.

आम्ही ठाकर. पानांची माळ आमच्यात कुणी घालत नाही. बा तर बंडी-टोपीशिवाय अंगणातसुद्धा बसत नाही. टोपी काढतो ती मयताला. कॅम्पचे मालक चेतन सर म्हणाले असतील, "काका, काढा ते सगळं, ओरिजिनल दिसू द्या." मी त्या वेळी बुकिंगच्या तंबूत फोन घेत होते. मला माहीत नव्हतं. इथे लिहून ठेवते — खरंच माहीत नव्हतं.

संध्याकाळी बा भागू आत्याला घेऊन बोर्ड बघायला गेला. मीही मागे. आत्या कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "रंभाजी, तुज्या लग्नात बी येवढा फोटू न्हवता रं!" बा हसला. बा असा हसलेला मी कधी पाहिला होता, आठवत नाही. मग मला म्हणाला, "दीपे, काय लिवलंय?"

"सॅव्हेज."

"म्हंजी?"

"कॅम्पचं नाव आहे."

हे खोटं नाही. पण खरं तरी आहे का?

२० मे

डिक्शनरी काढली. अर्थ बी.ए.ला असल्यापासून माहीत आहे, तरी काढली. रानटी. असंस्कृत. क्रूर. वाटलं होतं, खाली एखादा बरा अर्थ असेल.

२२ मे

चेतन सरांनी जेवणाच्या तंबूत एक पान फ्रेम करून लावलंय. दीडशे वर्षांपूर्वी कुण्या गोऱ्या साहेबाने आमच्या डोंगरातल्या लोकांवर लिहिलेलं. जुनाट पिवळा रंग मुद्दाम दिलेला. त्यातही तोच शब्द, तीनदा. हे लोक घाणेरडे आहेत, खोटं बोलत नाहीत, पण सुधारण्याजोगे नाहीत, असं काहीसं. पाहुणे त्याच्यासमोर उभे राहून सेल्फी घेतात.

धीर करून सरांकडे गेले. म्हटलं, बोर्डावरचं नाव बदलता येईल का? याचा अर्थ वाईट आहे.

"होता गं! आता कौतुकाचा शब्द आहे तो. माझा भाचा मलाच म्हणतो, मामा, तू सॅव्हेज आहेस."

"मग तुमचा फोटो लावा ना."

माझ्या तोंडून निघून गेलं! सर मात्र खो-खो हसले. "माझा फोटो बघून कोण येणार इथं?"

मी परत बुकिंगच्या तंबूत येऊन बसले.

२३ मे

कामावरून काढतील का? नाही काढलं. उलट सर म्हणाले, तुझा स्पष्टपणा आवडला.

२५ मे

सृष्टी कॅम्पचं इन्स्टा सांभाळते. नगरची. मनाने चांगली आहे, डब्यातलं निम्मं मला देते. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अगं, मी तुझ्या फोटोखालीपण लिहिलं होतं की, सॅव्हेज! तेव्हा बदाम टाकलास!"

खरंय. टाकला होता. कड्याच्या टोकावर उभी होते त्या फोटोत. बरंच वाटलं होतं मला.

मग काय बिघडलं? कॉलेजात इंग्रजीच्या सरांनी एकदा वर्गात सांगितलं होतं, मुळात या शब्दाचा अर्थ नुसता 'जंगलातला' असा होता. नंतर गावात राहणाऱ्यांनी त्यात घाण भरली. आता शहरातली पोरं तोच शब्द डोक्यावर तुऱ्यासारखा खोवतात. शब्द बदलतात, मान्य. माझ्या फोटोखाली तो माझ्या मैत्रिणीने लिहिला. बाच्या फोटोखाली तो तिकीट लावून लिहिलाय.

आणि मराठीत सांगायचं तर एकच शब्द आहे माझ्याकडे. तोच नेमका बाला माहीत आहे. मी सातवीत होते. जंगलात हिरडा गोळा करताना एका फॉरेस्ट गार्डने बाची पाटी लाथेने उडवली, वर म्हणाला, "रानटी लेकाचे, तुम्हाला काय कळतंय." बा घरी आला आणि भिंतीकडे तोंड करून बसला. आईने भाकरी पुढे ठेवली, तीही तशीच. मग मला म्हणाला, "तू शिक." बस्स, एवढंच. त्या दोन शब्दांवर मी बी.ए. झाले. आता त्याच शिक्षणातून तोच शब्द काढून त्याच्या हातात द्यायचा?

२८ मे

आत्याच्या हाताला तेल लावून देत होते. कोपरापर्यंत गोंदण. तुळस, विंचू, सीतेची पाटी. म्हणाली, "सोनं-नाणं हितंच काढून घेत्यात. गोंदण तेवढं वर संगं येतं. देव ते बघूनच वळखतो." माझा कोरा हात उलटासुलटा करून बघितला. "तुला कसा वळखायचा गं? आधारकार्ड दावशील व्हय?"

बा पण हसला. त्याच्या हातावर नुसता मारुती आहे. मारुतीखाली नाव घालायचं होतं, पण गोंदणारा म्हणाला होता, नाव लिहून आणा. घरात लिहिणारं कुणीच नव्हतं. ती जागा अजून तशीच आहे.

१ जून

काजव्यांची पहिली मोठी गर्दी. अंधार पडायच्या आधी बाचा नाच. उघड्या अंगाने, टोपीशिवाय. दोनेकशे लोक मोबाईल धरून ओरडत होते — सॅव्हेज! सॅव्हेज! बा त्या तालावर ढोल बडवत होता. त्यांनी ओरडावं म्हणून थांबत होता. पुन्हा बडवत होता.

मी बुकिंगच्या तंबूत जाऊन पावत्या लावल्या. लागलेल्याच होत्या. पुन्हा लावल्या.

२ जून

बाने सृष्टीला विचारलं! मी चहा आणायला गेले तेवढ्यात. ती म्हणाली, "काका, सॅव्हेज म्हणजे एकदम कडक! कुणाच्या बापाला न घाबरणारा!"

घरी येताना बा चढावर माझ्यापुढे चालत होता. मागे न बघता म्हणाला, "तू का न्हाई सांगितलंस? लई चांगला सबूद हाय की."

४ जून

रस्त्यातल्या पोरांनाही आता बा बोर्डावरचा माणूस म्हणून माहीत. टेम्पोवाला फुकट बसवतो. तो गार्ड रिटायर होऊन राजूरला राहतो म्हणे. बा आत्याला म्हणाला, "त्यानं बी बगितला आसंल बोर्ड."

मी सांगितलं नाही तर अपमान झालाच नाही, असं होतं का? मी सांगितलं तर तो करणारी मीच. सांगितलं नाही तर दोनशे माणसांत मीही ओरडणारी. कुठूनही मोजलं तरी मी सुटत नाही.

आज कॅम्पच्या खात्यातून बाला नाचाचे ठरलेले पैसे पाठवताना हात थांबला. मग पाठवले. त्याच्या कष्टाचे आहेत.

६ जून

जेवले नाही. आई म्हणाली, "पोटात दुखतंय का?" हो म्हटलं.

८ जून

ठरलं. उद्या सांगणार. बा सकाळी राजूरच्या बाजाराला जाईल, तो आल्यावर. आधी पाणी देईन. मग सगळं — फ्रेममधलं पान, डिक्शनरी, गार्डचा शब्द, सृष्टी म्हणते तेही. जुना अर्थ आणि नवा, दोन्ही. काही लपवणार नाही. मग नाचायचं की नाही ते त्याचं त्याने ठरवावं. रागावला तर रागावू दे. भिंतीकडे तोंड करून बसला तर मीही शेजारी बसेन.

खूप दिवसांनी हलकं वाटतंय.

९ जून

बा बाजारातून आला. मी पाणी दिलं. तांब्या खाली ठेवून त्याने बाही वर केली. मारुतीखालच्या मोकळ्या जागेत सहा इंग्रजी अक्षरं. हिरवी, सुजलेली, वर हळद. गोंदणाऱ्याला मोबाईलमधला बोर्डाचा फोटो दाखवून काढून घेतली. एकही चुकलेलं नाही.

आत्या म्हणाली, "झालं! आता वळखील देव तुला."

बाने हात माझ्यापुढे धरला. "वाच की, दीपे."