सोप्यातला वास

आत्या, तुम्ही गेल्यावरही दर थंडीत मी कोंबडीची पिल्लं आणते. सोप्यात खोकं मांडते, भाताचा कोंडा पसरते, वर बल्ब टांगते. पिल्लं बल्बखाली गोळा झाली की दोरी खाली घ्यायची, कडेला पळाली की वर. तुमची नवी सून होते तेव्हा सारखं तुम्हालाच विचारायची. "माझ्याकडं काय बघतीस, पिल्लांकडं बघ," म्हणायचात. खुराड्याचा नियमही तुमचाच. "पंखं फुटल्याबिगर हलवायची न्हाईत. आन् हलवायची तर सकाळी. दिसभर जागा वळखू दे. लेकीला कुणी तिन्हीसांजचं सासरी धाडतंय व्हय?"

यंदा मी तिन्हीसांजेलाच धाडली. तुमच्या नातीला बघायला निपाणीचे पाहुणे दुसऱ्या दिवशी येतो म्हणाले. घर माळकरी, अंडंसुद्धा न चालणारं. मी कामावरून आले ती पदर खोचून पिल्लं उचलू लागले. अंगावर अजून नुसती लव. लेक म्हणाली, "आई, खोकं मागं परड्यात ठेवूया की, दिवा लावून." मी म्हटलं, "परड्यातला दिवा पाव्हण्यांना दिसत न्हाय व्हय?" पिल्लं खुराड्यात कोंबली आणि पाहुणे बसणार तो सोपा फिनेलनं दोनदा पुसला. सकाळी बघते तर सगळी कोपऱ्यात एकावर एक चढलेली. वरची तेवढी जगली, खालची गुदमरून गेली. ती कर्दळीखाली पुरली, हात धुतले आणि ठेवणीतली साडी नेसले.

एवढं करूनही मुलाच्या आईनं नाक मुरडलंच. "कोंबड्या हैत काय हो घरात?" मी हसले. म्हटलं, "आमच्या आत्यांना लई नाद होता. त्या गेल्या, वास तेवढा ऱ्हायलाय." लेक पोह्यांच्या बशा घेऊन उभी होती. तिनं मान वर केली नाही. पाहुणे गेल्यावर एवढंच म्हणाली, "आजीवर कशाला घातलंस गं?"

मला लाज वाटली, आत्या, आणि संध्याकाळी होकाराचा फोन आला तेव्हा ती लाज विसरून मी साखर वाटली, त्याची आता जास्त वाटते. उरलेली पिल्लं लेकीनंच सोप्यात परत आणली, बल्ब लावला. ती खोक्यात पांगून निजली आहेत, म्हणजे ऊब बरोबर आहे. तुम्हाला हे पोचणार नाही म्हणूनच लिहिते आहे. कारण निपाणीचं कुणी उद्या अचानक दारात आलं, तर मी पुन्हा तुमचंच नाव सांगेन.