घाट मोकळा करताना

घाटमाथा, गुरुवार संध्याकाळ

प्रिय ओर्नेला,

दोन-दोन मोजे चढवून मी सुखरूप आहे. खोकला किरकोळ, ग्राप्पा दारूच्या घोटाने दबतो. तुझा गुडघा कसा आहे? शेळ्या एकटीने बाहेर काढू नकोस.

काल इथे कमरेएवढा बर्फ पडला. आज पाचपर्यंत रस्ता मोकळा झाला नाही, तर उद्या शर्यतीचे सायकलस्वार घाट टाळून खालच्या बोगद्यातून जाणार, असा निरोप आला. बर्फ काढायचं यंत्रही बंद पडलं. मग तीनशे माणसं फावडी घेऊन भिडली. त्यात तुझा भाऊ गाउदेन्झिओ, जो घरी स्वतःची बशीही उचलत नाही!

"दाजी, तोंड थांबवा, फावडं चालवा," तो मलाच म्हणाला. हाताला फोड आले तरी थांबेना.

"एवढं करून उद्या सायकलस्वार दिसणार किती वेळ?" मी विचारलं.

"चढ आहे ना, हळू जातील! चाळीस सेकंद तरी," तो म्हणाला, जणू चाळीस वर्षं.

पाचला शर्यतीचा अधिकारी आला. त्याने वाकून डांबराला हात लावला. "येतील," म्हणाला.

तीनशे माणसं टोप्या काढून त्या रिकाम्या रस्त्याकडे बघत राहिली. माझीही टोपी हातात होती; उद्या त्या चाळीस सेकंदांसाठी मीही इथेच उभा राहणार.

फावड्याने मोडलेली पाठ सोडून सगळा तुझाच,
एर्मेते