बाहेरून लावलेली कडी

रविवार, ९ मार्च

चि. सूनबाई हिस,

तू आणि आपली पोर खार दोघी सुखरूप असाल. मी ठीक आहे.

तुझा पत्ता मला कोणी देत नाही आणि ते बरोबरच आहे. म्हणून हे पत्र संरक्षण अधिकारी बाईंच्या हातात देणार आहे. त्या म्हणाल्या, "लिहा काका. आधी मी वाचेन, मग त्यांना विचारेन. नको म्हणाल्या तर पाकीट तुम्हाला परत मिळेल." तेव्हा हे तुझ्यासमोर असेल तर तू हो म्हणालीस. तेवढ्यानेही मला बरं वाटलं.

इकडे नवीन काही नाही. आठवड्यातून तीन दिवस कारखान्यात जातो. मालकाने एका शाळेची साठ बाकं करायला घेतली आहेत, त्यातली बावीस माझ्या हातून झाली. गुडघा कुरकुरतो, पण रंध्याच्या आवाजात ऐकू येत नाही. वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई अधूनमधून डबा आणून देतात. चहा मात्र मीच करतो. आधी साखर की आधी पत्ती, यावर घरात अजून एकमत झालेलं नाही, आणि घरात मी एकटाच आहे.

खारीच्या हनुवटीचा वण पुसला का? तीन टाके होते. त्या वयातले वण भरून येतात म्हणतात.

बघ, अर्धं पान भरलं आणि मुद्द्याचं एक अक्षर लिहिलं नाही. फळी कापायच्या आधी दहादा मोजणारा माणूस मी. पण आता मोजणं पुरे.

गेल्या महिन्यात मी कोर्टात साक्ष दिली. तुझ्या वकीलबाईंनी सांगितलं असेलच. पण कोर्टात टाइप होतं ते विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर. मला तुला कोणी न विचारता सांगायचं आहे.

मला बोलावलं होतं ते त्याच्या बाजूने. आजवर त्याने काही चांगलं केलं की मी 'माझा मुलगा' म्हणायचो, आणि नाही ते केलं की तुझ्याकडे बघून 'तुझा नवरा' म्हणायचो. या पत्रात शेवटपर्यंत 'माझा मुलगा'च लिहितो.

साक्षीच्या दोन दिवस आधी त्याच्या वकिलाने ऑफिसात बोलावलं. तरुण, चुणचुणीत माणूस. मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाला, "बाबा, फार काही नाही. पंचनाम्यात लिहिलंय, खोलीच्या दाराला बाहेरून कडी नाही. सून म्हणते होती. नात म्हणते होती. तुम्ही पस्तीस वर्षांचे कसलेले सुतार. तुम्ही एवढंच म्हणायचं, त्या दाराला बाहेरून कडी कधीच नव्हती. की पोरगी पढवलेली आहे हे सिद्ध झालं."

"पढवलेली म्हणजे?"

"म्हणजे खोटं बोलायला शिकवलेली. सात वर्षांची पोर, आई सांगेल तेच बोलणार. निकालातही मग तसंच येईल."

मी "बरं" म्हणालो. तुला माहीत आहे, मी जन्मभर "बरं" म्हणत आलो.

जिना उतरताना मात्र त्याचा अर्थ लागला. खार खोटं बोलते, असं कागदावर कायमचं लिहिलं जाणार होतं, आणि ते माझ्या तोंडून. त्या सगळ्या घरात पहिल्यांदा खरं बोललेलं माणूस तीच.

पुढचं तुला सगळं माहीत आहे. तरीही लिहितो, कारण मी ते कधी तोंडाने कबूल केलेलं नाही.

कडी मी बसवली. दोन वर्षांपूर्वी, एका सोमवारी. आदल्या दिवशी माझ्या मुलाने तुझं डोकं कपाटावर आपटलं होतं, कारण तू भावाला फोन लावत होतीस. तू कपाळाला ओला फडका धरून पलंगावर बसली होतीस आणि मी बाहेरून दाराला भोकं पाडत होतो. तो मला म्हणाला होता, "बाबा, ही पोरीला घेऊन निघून जाईल. जरा शांत होईपर्यंतच. आणि वर बसवा, खारीचा हात पोचता कामा नये." मी "बरं" म्हणालो. जमिनीपासून पाच फूट चार इंच. मापाला मी चुकत नाही.

त्या 'जरा शांत होईपर्यंत'चे साडेचार महिने झाले. सकाळी नऊला तो कडी लावून कामावर जायचा. तुझा फोन त्याच्याकडे, बाहेरच्या दाराची किल्ली माझ्या खिशात. बारा वाजता मी कडी काढायचो. तू अंघोळ, कपडे, जेवण उरकायचीस. अडीचला मी परत लावायचो. एकदा तू विचारलंस, "बाबा, आज नाही लावली तर?" मी म्हणालो, "तो आल्यावर विचारतो." तू आत गेलीस. मला बोलणी बसू नयेत म्हणून गेलीस. हे मला तेव्हाही कळलं होतं.

खार शाळेतून आली की दाराला पाठ लावून बसायची. तू आतून पाढे म्हणायचीस, ती बाहेरून. मी पेपर वाचायचो. एकच पान तासभर.

ज्या दिवशी ती पडली त्या दिवशी मी बाहेरच्या खोलीत डुलकी काढत होतो. तिने स्टूल ओढून आणलं, त्यावर पत्र्याचा डबा ठेवला आणि चढली. तरीही हात पोचला नाही. तू आतून दार बडवायला लागलीस तेव्हा मला जाग आली. पोरगी खाली, फ्रॉक रक्ताने भरलेला. मी कडी काढली, तू तिला उचललंस, हनुवटीवर पदर दाबून धरलास. मी पोर तुझ्या हातातून घेतली, कडेवर बसवली आणि दवाखान्यात निघालो.

निघताना मी कडी लावली.

हे मी कोर्टात सांगितलं नाही, कारण कोणी विचारलं नाही. पोर कडेवर, तिचं रक्त माझ्या खांद्यावर, आणि उजव्या हाताने मी कडी लावली. तू आतून ओरडत होतीस, "मला येऊ द्या, बाबा, मला तिच्याबरोबर येऊ द्या." जिन्यात खारीने मला विचारलं, "आईला पण लागलंय का?" मी म्हणालो, "नाही." तीन टाके पडेपर्यंत ती रडली नाही. मला धरूनही बसली नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गातल्या बाईंनी पट्टी पाहून विचारलं आणि तिने सांगून टाकलं, "आईचं दार उघडायला चढले होते." त्या बाईंनी लागलीच बालकल्याणवाल्यांना कळवलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण शाळेतून कोणीतरी माझ्या मुलालाही फोन केला आणि त्याने मला. "बाबा, कडी काढा. आत्ताच्या आत्ता." मी पुन्हा "बरं" म्हणालो. भुसा सरसात कालवून चारही भोकं भरली, वरून पुट्टी मारली, पॉलिशचा हात फिरवला. चाळीस मिनिटं. दार सताड उघडं होतं आणि तू पलंगावर बसून माझं काम बघत होतीस. मग ते लोक पोलिसांना घेऊन आले, आणि तू खारीचं दप्तर तेवढं उचलून त्यांच्याबरोबर गेलीस. मी जबाब दिला, पोर खेळताना पडली, कडीबिडी काही नव्हती.

आता साक्षीचं. पिंजऱ्यात उभा राहिलो. माझा मुलगा समोर, नवा शर्ट घालून. वकिलाने आधी गोड गोड विचारलं, किती वर्षं सुतारकाम, घरातली दारं कोणी केली. मग म्हणाला, "त्या खोलीच्या दाराला बाहेरून कधी कडी होती का?"

मी म्हणालो, "होती."

त्याला वाटलं मला नीट ऐकू आलं नाही. त्याने मोठ्याने विचारलं.

"होती. मी बसवली, मीच काढली. भोकं भरून पॉलिश मारलं म्हणून पंचांना दिसली नाहीत. पॉलिश पेपरने घासून बघा, पाच फूट चार इंचावर सापडतील. कडी माझ्या हत्यारांच्या पेटीत आहे. माझी नात खरं बोलते."

टाइप करणाऱ्या मुलीचे हात थांबले. न्यायाधीश बाईंनी पेन खाली ठेवलं. "काका, तुम्ही काय बोलताय ते कळतंय ना? हे तुमच्यावरही शेकू शकतं."

"कळतंय."

"कोणाचा दबाव आहे का तुमच्यावर?"

"नाही बाई. आजवर होता. आज नाही."

वकील ताडकन म्हणाला, "साक्षीदार फितूर झाला आहे." असा शब्द कोर्टात असतो हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, फितूर फक्त किल्ल्यांच्या गोष्टींत असतात. घरी आल्यावरही तो कानात वाजत राहिला. मग वाटलं, फितूर मी त्या सोमवारीच झालो होतो. हातात स्क्रू होते, एवढंच.

चौथ्या दिवशी पोलीस पंचांना घेऊन आले. दार घासलं, भोकं निघाली. दार बिजागऱ्यांसकट उचलून नेलं.

परवा निकाल लागला. माझ्या मुलाला तीन वर्षं. हेही तुला कळलं असेल. पण निकालपत्रात एक ओळ आहे, ती मी कारकुनाला विनंती करून उतरवून घेतली: "बालिकेचे कथन सुसंगत व विश्वासार्ह आहे." खारीला ही ओळ वाचून दाखव. शब्द अवघड आहेत, तू सोपे करून सांग.

त्याला घेऊन जात होते तेव्हा मी व्हरांड्यात उभा होतो. वाटलं, शिवी देईल, थुंकेल. मी तयारीने उभा होतो. तो जवळून जाताना थांबला आणि म्हणाला, "आईच्या वेळी कोण आलं होतं साक्षीला?"

एवढंच. मग त्याला पुढे नेलं.

सूनबाई, तुझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं. तुला आम्ही सांगितलं होतं, लहानपणी ताप आला होता. ताप नव्हता. माझा हात होता. कशावरून झालं तेही मला आठवत नाही, इतकं क्षुल्लक होतं. माझा मुलगा सहा वर्षांचा होता आणि पाण्याचा पेला घेऊन दारात उभा होता. डॉक्टरांना तिनेच ताप सांगितला. शेजारणींना सांगितला. तू घरात आलीस तेव्हा तुलाही सांगितला. मला फक्त एकदा म्हणाली, "यापुढे उजव्या बाजूने बोलत जा." त्यानंतर मी हात उचलला नाही, आणि तेवढ्या जोरावर पुढची तीस वर्षं स्वतःला सज्जन समजत राहिलो. पण ताप सांगायचा असतो, हे तो पोरगा रोज आमच्याकडून शिकत होता. मी कधी त्याला जवळ बसवून म्हणालो नाही, की ताप नव्हता.

हे मी त्याची बाजू घेऊन लिहीत नाही. त्याने केलं ते त्याने केलं, आणि तीन वर्षं त्याचीच आहेत. माझं माझ्या नावावर असावं म्हणून लिहिलं.

घराबद्दल. तिथे राहायचा हक्क कोर्टाने तुला दिला आहे. मी एक तारखेपासून कारखान्यामागच्या खोलीत राहायला जातो आहे, मालक हो म्हणाला. किल्ल्यांचा जुडगा, माझ्याकडच्या किल्लीसकट, संरक्षण अधिकारी बाईंकडे दिला आहे. तुला त्या भिंतींत पाऊल टाकावंसं वाटलं नाही तर मला नवल वाटणार नाही. मग विकायचं की भाड्याने द्यायचं ते तू ठरव, मी सही करेन. आलीस तर खोलीला दार नाही. ते दुसऱ्या सुताराकडून करून घे.

मंगळवारी मला पोलीस ठाण्यात बोलावलं आहे, पुरावा नष्ट केला म्हणून आणि खोटा जबाब दिला म्हणून. नर्सबाई म्हणाल्या, वकील द्या, वयाकडे बघून सोडतील. मी वकील देणार नाही. वयाकडे बघायचं तर खारीच्या बघावं. हे पत्र तुला कोर्टात द्यावंसं वाटलं तर दे. कडेवरच्या पोरीचं आणि कडीचंही मंगळवारी मी स्वतः सांगणार आहे.

माफी मागत नाही. मागितली की तुला हो किंवा नाही म्हणावं लागेल, आणि या घरातल्या कोणालाही उत्तर द्यायची वेळ तुझ्यावर पुन्हा येऊ नये. या पत्राचंही उत्तर नको.

त्या दिवशी पोलिसांनी माझा जबाब मला वाचून दाखवला होता आणि 'बरोबर आहे' म्हणून मी खाली सही केली होती. म्हणून हेही तशाच रीतीने संपवतो.

वरील मजकूर मी स्वतःच्या हाताने, कोणी न सांगता लिहिला. पुन्हा वाचून पाहिला. बरोबर आहे.

(सही)
वय अडुसष्ट. धंदा सुतारकाम.
आरोपीचा बाप.