पांढऱ्या मातीचा थर

२ ऑगस्ट २०२३, नांदेड
आधी या वहीची माफी मागतो. लातूर सोडायच्या गडबडीत कित्येक महिने इथे एक ओळ लिहिली नाही. आज मन हलकं आहे. वीस वर्षं क्लासमध्ये डॉक्टर होऊ पाहणाऱ्या पोरांना रसायनशास्त्र घोकवलं; आता पंचेचाळिशीत पुन्हा प्रयोगशाळेत आलो. काम जस्ताच्या, पाण्यावर चालणाऱ्या बॅटरीचं. चार्ज होताना जस्ताच्या पट्टीवर बारीक सुया उगवतात, मधला कागद भेदून समोरच्या पट्टीला टेकतात आणि सेल मरतो. त्या सुया दाबायच्या. प्रमुख मृण्मयी मॅडम माझ्याहून लहान. म्हणाल्या, क्लासमध्ये पोरं दाबून ठेवायचात ना सर, तसंच हाय हे.

२१ ऑगस्ट
पट्टीवर मातीचा लेप दिला तर सुया दबतात, असं वाचलं आणि आमच्या गावच्या घराचं माळवद, मातीचं सपाट छत, आठवलं. गळू नये म्हणून वडील दर उन्हाळ्यात छतावर पांढरी माती टाकत. जुनी न काढता, तिच्यावरच नवी. त्र्याण्णवच्या भूकंपात ते सगळं ओझं आत झोपलेल्या सुकन्येवर आलं. माझी बहीण. नऊ वर्षांची. मी गणपती विसर्जनाहून येऊन बाहेर ओट्यावर झोपलो होतो.
काल निलंग्याची एसटी धरून भूकंपानंतर ओस पडलेल्या आमच्या जुन्या गावठाणात गेलो. आमच्या घराच्या ढिगाऱ्यातली माती आणली. लेपाला ती चांगली आहे, हे खरं. तेवढ्यासाठीच आणली का, हे मला सांगता येत नाही.

६ सप्टेंबर
लेप दिलेले सेल टिकले, बाकीचे गेले. मॅडम म्हणाल्या, सर, तुमच्या गावची माती लई गुणाची हाय.
एका सेलचा व्होल्टेजचा आलेख मात्र थरथरतो. यंत्र, तारा, टेबल सगळं तपासलं. दोष नाही. थरथर थांबते, पुन्हा येते. ढिगाऱ्याखालून सुकन्येची थाप अशीच यायची. आम्ही वर उभे राहून माती उपसत होतो. आमचंही वजन तिच्यावरच होतं.

१४ सप्टेंबर
दुसरा एक सेल उघडून भिंगाखाली धरला. लेपाखाली सुया नव्हत्या. बोटं होती. राखाडी, नखांसकट. करंगळी वाकडी, तिची होती तशी. हवा लागली आणि भुगा झाला. मला हवं होतं तेच दिसलं का? मॅडमना दाखवायला काही उरलं नाही.

२२ सप्टेंबर
थरथरणारा सेल कानाशी धरला. दादा म्हणते. माती लई झाली म्हणते, काढ म्हणते.
काढली तर बोटं समोरच्या पट्टीला टेकतील. सेल मरेल. मग ती —

२९ सप्टेंबर
थरथरणाऱ्या सेलच्या काचेतून दिसतं, लेपाला तडा. बोटं वर येऊ लागलीत. मॅडम म्हणाल्या, सर, घरी जा, चेहरा कसा झालाय.
बाहेर आली की भुगा. आत आहे तोवर आहे.
रडते. रडते म्हणजे आहे —
उद्याचं काम: हवा लागू न देता, सिरिंजने, तिच्यावर मातीचा आणखी एक थर दे—