लेबल नसलेली काडतुसं

मी, अर्डिथ कुचेरा, दिवंगत मिलो कुचेरा यांची पत्नी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, राहणार ओल्ड मिल रोड, डॅनविक, नेब्रास्का, हा कागद माझ्याच स्वयंपाकघरात बसून माझ्या हाताने लिहीत आहे. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. मन ठिकाणावर आहे असं या जागी लिहायचं असतं. आज आहे. मिलो गेला त्या हिवाळ्याबद्दल मात्र मी तसं लिहून देणार नाही, आणि हा कागद मुख्यतः त्यासाठीच करावा लागतो आहे.

१. राहते घर, मागची शेड आणि खालची जमीन माझा एकुलता एक मुलगा ड्वेन याला द्यावी. त्याने विकली तरी माझी हरकत नाही. मात्र कलम ६ मधले तळघरातले काम पुरे होईपर्यंत घराचा ताबा परक्याला देऊ नये. सूनबाई म्हणेल, तळघराला ओल आहे. अजिबात नाही. तिथे बंदुकीची दारू ठेवलेली असते, ओल कोण येऊ देईल?

२. बँकेत जे असेल त्यातून अंत्यविधी उरकावा, उरलेले ड्वेनचे. पेटी साधी आणावी. चर्चमध्ये माझ्याबद्दल कोणी भाषण करू नये. मिलोच्या वेळी पाद्रीबुवा बराच वेळ बोलले आणि मी त्यांच्या बुटांकडे पाहत बसले. एका बुटाची नाडी सुटलेली होती. त्या दिवसाचं मला तेवढंच सांगता येईल.

३. त्या आठवड्यात शेजारणींनी आणून दिलेल्या गोड पावरोट्या, आमच्याकडच्या कोलाची, खसखशीच्या आणि जर्दाळूच्या, फ्रीझरमध्ये तशाच आहेत. त्या फेकून द्याव्यात आणि डबे ज्यांचे त्यांना परत करावेत. झाकणांवर नावं आहेत. या बायका दारात उभ्या राहून म्हणायच्या, अर्डिथ किती खंबीर आहे. खंबीर कसली! दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल होतो, तशी मी सगळीच झाले होते.

४. मिलोची रायफल, गरँड, ड्वेनला द्यावी. ती महायुद्धातली आहे, आठ गोळ्यांची क्लिप घेते आणि एक बार झाला की दुसरं काडतूस स्वतःच आत ओढते. दुकानात मिळणारी शिकारीची काडतुसं तिला सोसत नाहीत, म्हणून तिच्या बेताची घरी भरावी लागतात. झाडलेली पितळी पुंगळी साच्यातून काढायची, बुडात दारू पेटवणारी नवी टोपी बसवायची, काट्यावर तोलून दारू घालायची, वर गोळी दाबायची. लग्नानंतर सुरुवातीला हे काम मिलो करायचा. पण दारू ओतताना बोलायचं नसतं, आणि मिलो झोपेतसुद्धा बोलायचा.

"अर्डिथ, या पुंगळीत घातली का गं मी?" त्याने एकदा विचारलं.

"मला काय माहीत? तू तुझ्या भावाच्या गाईची गोष्ट सांगत होतास."

"मग घातलीच असेल."

"ऊठ तिथून," मी म्हणाले.

तो उठला आणि मी बसले, ती चाळीस वर्षं बसले. मी दारू ओतत असताना मिलो तळघराच्या जिन्यावर बसायचा, गुडघ्यांवर हात ठेवून, तोंड गच्च मिटून. आमच्या संसारातली शांतता काय ती तेवढीच. भरून झालं की डब्यावर लेबल मात्र तोच लिहायचा, आणि त्यावर काहीतरी चावटपणा असायचाच.

आमच्या नेमबाजीच्या क्लबात दुसऱ्याने भरलेलं काडतूस कोणी झाडत नाही. सख्ख्या भावाचंही नाही. आत काय आहे ते भरणाऱ्यालाच माहीत, आणि बार उलटला तर डोळे आपले जातात. माणूस गेला की क्लबवाले त्याच्या घरी जाऊन त्याने भरलेलं सगळं खोलून टाकतात, तोही एक विधीच आहे. मिलोने जन्मभर फक्त मी भरलेली झाडली, एकदाही आत डोकावून न पाहता. दागिने त्याने मला फारसे केले नाहीत. हे केलं.

५. मिलोचा थोरला भाऊ एमिल कुचेरा याला शेडमधल्या खिळ्याला टांगलेला वाकलेला लोखंडी दांडा द्यावा. सोबत चिठ्ठी नको, त्याला कळेल. एमिलने एकदा मिलोची रायफल मागून नेली आणि आपल्या शिकारीच्या बंदुकीसाठी भरलेली काडतुसं तिच्यात घातली. त्यांतली दारू सावकाश जळते, एमिलच्या बंदुकीला ती चालते, गरँडचा काडतूस आत ओढणारा दांडा तिने वाकतो. तो वाकला. मग हा गृहस्थ क्लबात सगळ्यांसमोर म्हणाला, "बायकोच्या हातची काडतुसं! केकच्या पिठासारखी अंदाजाने घातली असेल दारू." सगळे हसले. मिलो एरवी कोणाला बोलू देत नसे, तो त्या दिवशी कॉफीच्या कपात बघत राहिला.

गाडीत मी विचारलं, "बोलला का नाहीस?"

"भाऊ आहे गं."

"आणि मी?"

त्याने वायपर चालू केले. पाऊस नव्हता. पुढच्या शनिवारी तो गुपचूप जिन्यावर येऊन बसला आणि मी त्याची काडतुसं भरली. मिलोला मी माफ केलं. एमिलला केलेलं नाही, आणि मेल्यावरही करायचा विचार नाही.

६. आता तळघरातल्या डाव्या फळ्यांवरच्या डब्यांविषयी. मिलोला पुरून आल्यावर मी कोट काढला, खाली गेले आणि काडतुसं भरायच्या यंत्राचा दांडा ओढायला लागले. दुसऱ्या दिवशीही तेच. कोणासाठी भरते आहे हे मला कोणी विचारलं नाही, मीही विचारलं नाही. हात चालत होते. मार्चमध्ये पुंगळ्या संपल्या तेव्हा थांबले. मान वर करून पाहिलं तर भिंत भरली होती. एकाही डब्यावर लेबल नव्हतं, कारण लिहिणारा नव्हता.

टोपी बसवली की बुडावरून बोट फिरवायचं, हा माझा जन्माचा नेम. टोपी जराशी जरी वर राहिली तरी गरँडमध्ये घात होतो. काडतूस आत गेलं की मागून तिचा लोखंडी बोल्ट जोराने आपटून मिटतो आणि नीट मिटायच्या आधीच बार उडू शकतो. मग लोखंड तोंडावर येतं. त्या हिवाळ्यात मी बोट फिरवत होते की नाही, मला सांगता येत नाही. फिरवत असले तरी बोटाला काही कळत होतं असं वाटत नाही.

मागच्या नाताळात ड्वेन आला होता. निघताना त्याने रायफल मागितली, मी दिली. गाडी वळत असताना मी तळघरात गेले, आणि डाव्या फळीवर दोन डब्यांची जागा रिकामी दिसली. मी सपातांवरच बर्फात धावले आणि गाडीच्या टपावर हात आपटले.

"डबे दे," मी म्हणाले.

"आई, पाय बघ तुझे! आत ये आधी."

"डबे दे, ड्वेन."

"उद्या क्लबात बाबांच्या नावाने आठ बार काढणार आहे. बाबांच्या रायफलीतून, तुझ्या हातची. एवढंही नको करू?"

"ती झाडायची नाहीत."

"बाबांनी झाडलेली चालत होती. ते तर डोळे मिटून झाडायचे."

"तुझा बाप माझा नवरा होता."

"आणि मी कोण? त्यांचा विश्वास होता, माझाही आहे. तुलाच नाही माझा."

त्याला वाटलं मी त्याच्यात आणि बापात फरक करते आहे. मी डबा हिसकावला, गाडीतल्या दिव्याखाली धरला आणि एकेका काडतुसाच्या बुडावरून बोट फिरवायला लागले. पहिल्या ओळीतच सापडलं. मी त्याचं बोट धरून त्यावर ठेवलं. टोपी वर आली होती. नखाला अडकत होती.

"वेडी झालीस का गं आई?" तो अगदी हळू म्हणाला.

"तेच मला माहीत नाही," मी म्हणाले. "म्हणून तर डबे परत मागते आहे."

त्याने डबे दिले आणि रायफलही परत दिली. तेव्हापासून तो रविवारी फोन करतो आणि हवेबद्दल बोलतो.

तरी आज्ञा अशी : लेबल नसलेले सगळे डबे ड्वेनने स्वतः खोलावेत. हातोडीसारखं दिसणारं अवजार बाकाच्या खणात आहे. काडतूस त्यात अडकवून ओंडक्यावर आपटलं की गोळी सुटते. चष्मा लावावा. दारू मागच्या पिओनीच्या फुलांच्या वाफ्यात पातळ पसरावी, झाडांना चालते. पुंगळ्या क्लबाला द्याव्यात. काम करताना फोनवर बोलू नये. हे मी स्वतः करायला हवं होतं. बसलेही होते, एक खोललं आणि वर आले. त्या हिवाळ्यात तू कुठे होतीस असं कोणी विचारलं तर दाखवायला माझ्याकडे ही भिंतच आहे. माझ्या हाताने ती उतरवणं मला जमलं नाही, आणि मुलावर टाकते आहे याचं वाईट वाटतं.

७. उजव्या फळीवर एक लेबल असलेला डबा आहे. मिलो जायच्या आधीच्या शरदात भरलेला, शेवटचा. त्याच्या अक्षरात लिहिलं आहे : "भरणार अर्डिथ, नेम चुकणार मिलो." हा डबा ड्वेनला द्यावा आणि त्याने तो रायफलीतून झाडावा. क्लबवाले अडवतील. गेलेल्या माणसाचं काडतूस झाडायचं नाही, म्हणतील. नियम बरोबर आहे. ड्वेन, तू तो मोडावास अशी माझी इच्छा आहे. यातल्या प्रत्येक टोपीवरून मी तेव्हाही बोट फिरवलं होतं आणि काल पुन्हा फिरवलं. फरक मी तुझ्यात आणि बाबांत करत नव्हते रे. फरक त्या डब्यांत होता.

पण नुसतं लिहून कोणी आपले डोळे पणाला लावू नयेत. म्हणून आज सकाळी शेजारचे गिल ह्रूस्का आणि त्यांच्या पत्नी लोरेन यांना घेऊन मी क्लबाच्या मैदानावर गेले. ही रायफल मी आयुष्यात कधी झाडली नव्हती.

"अगं, या वयात हे काय काढलंस?" लोरेन म्हणाली.

"चाळीस वर्षं भरत होते तेव्हा वय विचारलंस का?"

गिल पुढे झाले, "वहिनी, क्लिप मी दाबतो. अंगठा चेंगरेल."

"माझ्या काडतुसांशी माझा अंगठा बघून घेईल. तुम्ही मागे व्हा."

याच डब्यातल्या आठ गोळ्या मी मातीच्या बांधावर झाडल्या. आठही नीट गेल्या आणि शेवटी रिकामी क्लिप टिण् करून बाहेर उडाली. उजवा खांदा निळा पडला आहे. इतकं लागतं हे मिलोने मला कधी सांगितलं नाही. दिवसभर दुखतो आहे, आणि तो दुखतो आहे हे मला कळतं आहे.

८. कलम ६ चे काम पुरे झाल्याशिवाय कलम ७ चा डबा उघडू नये. दोन्ही कामे झाली की हे मृत्युपत्र पूर्ण अमलात आले असे समजावे.

सही : अर्डिथ कुचेरा
डॅनविक, नेब्रास्का. दिनांक १४ ऑक्टोबर २०१२.

(सही वाकडी दिसेल. त्यावरून कोणी वाद काढू नये. खांद्यामुळे आहे.)

साक्षीदार :
गिल्बर्ट ह्रूस्का
लोरेन ह्रूस्का

आम्ही वर सही करणारे लिहून देतो की श्रीमती कुचेरा यांनी आमच्या देखत सही केली. त्या वेळी त्या पूर्ण शुद्धीत होत्या व त्यांच्यावर कोणाचाही दबाव नव्हता. सही करताना त्या रडत होत्या व बराच वेळ रडत राहिल्या. कारण विचारले असता, ड्वेनला फोन लावून द्या, एवढेच म्हणाल्या. आम्ही तो लावून दिला आणि बाहेर जाऊन उभे राहिलो.